मुठेच्या काठानं, लकडी पुलापासून गंज पेठेपर्यंत

पुण्याला आपण सगळ्याच जातो. कुणी दवाखान्यात, कुणी लेकीकडं, कुणी दिवाळीच्या आधी लक्ष्मी रोडला, तर कुणी गटाचा माल घेऊन प्रदर्शनात. दगडूशेठला हात जोडायचा, तुळशीबागेत बांगड्या घ्यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परत फिरायचं. एवढं करूनही मुठा नदी आपण फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेली असते. पूल आला की नाकाला पदर, पूल संपला की पदर खाली.

आज या नदीकाठानं चालायचं कसं, ते सांगणार आहे. वाटाड्या लागत नाही, तिकीटही एका शनिवारवाड्याचंच. अंतर चार-पाच किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या कुणाला पायपीट वाटावी असं नाही. आमच्या प्रभागसंघातल्या चौदा जणी गेल्या हिवाळ्यात हे अंतर चालून आल्या, आणि परतीच्या एसटीत एकीलाही डुलकी लागली नाही, इतक्या गप्पा झाल्या. सकाळी नवाच्या आत सुरू करा. पाण्याची बाटली आणि भाकरी सोबत असू द्या. स्वच्छतागृह दिसेल तिथं वापरून घ्या, पुढचं कधी येईल याचा पेठेत भरवसा नसतो.

स्वारगेटला उतरलात की डेक्कनची बस पकडायची आणि अलका टॉकीजच्या चौकात उतरायचं. समोरच लकडी पूल. सरकारी नाव संभाजी पूल, पण लोक लकडीच म्हणतात. दगडी पुलाला लकडी का म्हणायचं? तर पानिपतानंतर १७६१ मध्ये इथं लाकडाचा पूल उभारला होता. पुढं इंग्रजांच्या काळात त्याचा दगडी झाला, नाव मात्र जुनंच राहिलं.

या पुलावर थोडं थांबा. पानिपतावर गेलेले किती पुरुष परत आले नाहीत, हे शाळेत आपण आकड्यांत शिकलो. त्यांच्या मागं राहिलेल्या बायकांबद्दल काही शिकलो नाही. त्यातल्या एकीचं नाव पार्वतीबाई. सदाशिवरावभाऊंच्या त्या पत्नी, स्वतः पानिपताच्या मोहिमेवर गेलेल्या आणि त्या रणातून जिवंत परतलेल्या. भाऊ गेले हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. कुंकू पुसलं नाही, केस काढू दिले नाहीत. पुढं भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक तोतया उपटला आणि त्यावरून मोठं प्रकरण झालं, तोतयाला मृत्युदंड झाला. पण पार्वतीबाई शेवटपर्यंत सवाष्णीसारख्याच राहिल्या. लोक म्हणतात, बिचारीला आशा होती. मला वेगळं वाटतं. ज्या काळात नवरा गेल्याबरोबर बाईचं सगळं माणूसपण काढून घेतलं जायचं, त्या काळात ‘तुम्ही म्हणता म्हणून मी विधवा होणार नाही’ असं ठामपणे सांगणं हा नुसता भाबडेपणा नसेल. अर्थात त्या पेशव्यांच्या घरातल्या, म्हणून त्यांचं चाललं. साध्या शिलेदाराच्या बायकोचं चाललं असतं का?

आता पुलाच्या कठड्यावरून नदीकडं, पाणी येतं त्या वरच्या दिशेला बघा. तिकडं खडकवासला. त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर. खडकवासल्याचं धरण इंग्रजांनी बांधलं. १८६९ च्या सुमाराला काम सुरू झालं आणि दहाएक वर्षांत पुरं झालं. पानशेतचं मात्र स्वातंत्र्यानंतरचं, आंबी नदीवरचं, मातीचं.

१२ जुलै १९६१. पुण्यातली कुठलीही म्हातारी बाई ही तारीख विसरलेली नसते. पानशेतचं काम पुरतं झालेलं नव्हतं. पाणी सोडायची जी मोरी असते तिच्या दरवाज्यांचं कामही अर्धवट होतं. तरीही त्या पावसाळ्यात पाणी साठवायचं ठरलं. पाऊस कोसळला, पाणी भराभर चढलं आणि मोरीच्या वरची माती खचायला लागली. लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी सातच्या सुमाराला धरण फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं. त्या जुन्या दगडी भिंतीनं काही तास तग धरला. मग दुपारी तीही फुटली.

पाणी पुण्यात शिरलं तेव्हा काय झालं, ते या पुलावर उभं राहूनच कळतं. तुम्ही उभ्या आहात त्याच्या वरून पाणी गेलं. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, सोमवारचा काही भाग, पलीकडं डेक्कन आणि शिवाजीनगर, सगळीकडं घरांत पाणी. मातीच्या भिंतींचे वाडे बसले. लोकांना वेळेवर नीट सूचना मिळाली नाही, हा राग पुढं कित्येक वर्षं पुणेकरांच्या मनात राहिला. पाणी एका दिवसात उतरलं, पण घरात उरला तो गुडघाभर गाळ. आता मैत्रिणींनो, गाळ कोण काढतं? धान्य सडलं, भांडी वाहून गेली, लेकरांना ताप, प्यायचं पाणी नाही. पुराच्या वर्णनात पाण्याची उंची असते, पुलांची नावं असतात. चूल परत कधी पेटली याची नोंद कुणी ठेवली नाही. काही जुन्या इमारतींवर पुराच्या पातळीच्या खुणा अजून आहेत. दिसली खूण तर शेजारी उभं राहून बघा, आपल्या डोक्याच्या किती वर जाते ती.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग नेमला. चौकशी पुरी व्हायच्या आधीच त्यांनी आत्महत्या केली, आणि पुढचं काम न्यायमूर्ती नाईकांच्या आयोगानं केलं. बेघर झालेल्यांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती वसल्या. आज तिथं घराची किंमत विचारायची सोय नाही, पण सुरुवात पूरग्रस्तांच्या खोल्यांनी झाली.

इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढं जाववत नाही. आमच्या सासूबाईंचं माहेर पानशेतच्या खोऱ्यातलं. धरणाच्या पाण्याखाली गेलं. भावांना खाली दौंडकडं जमीन मिळाली आणि सगळं घर डोंगरातून उचलून सपाटीला आलं. भात आणि नाचणी पिकवणारी माणसं ज्वारीच्या रानात उतरली. ‘पानशेत’ म्हटलं की पुण्याच्या माणसाला पूर आठवतो. सासूबाईंना आंबीच्या काठची जांभळाची झाडं आठवतात. दोन्ही खरं आहे. पण पुराची खूण भिंतीवर लागली, बुडालेल्या गावांची खूण पाण्याच्या तळाशी राहिली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं तर देवळाचा दगडी चौथरा वर येतो म्हणतात त्या. तेव्हा माहेरच्या बायका होडीतून जाऊन ओटी भरून यायच्या.

याच शहराला मिळणारी दुसरी नदी मुळा. तिच्यावर मुळशीला टाटांनी धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, १९२१ ते १९२४. पुढारी सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे. त्यात बायकाही होत्या, रुळांवर आणि बांधकामावर आडव्या गेल्या, तुरुंगात गेल्या. लढा हरला, धरण झालं. धरणासाठी जमीन देणाऱ्यांचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, शंभर वर्षांचा.

चला, पूल सोडून शहराच्या बाजूनं काठाला धरून खाली निघा, नारायण पेठेच्या अंगानं. वाटेत भिडे पूल दिसेल, पाण्याच्या अगदी लगत बांधलेला. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा पूल पाण्याखाली जातो, आणि ‘भिडे पूल बुडाला’ ही बातमी पुण्यात दरवर्षी नव्या कौतुकानं छापून येते. नदीच्या पात्रातच रस्ता आहे, गाड्या लावायला जागा आहे, मेट्रोचे खांबही आहेत. आपल्या ओढ्यात कुणी एक खोपट बांधलं तर तलाठी येतो. असो.

पुढं ओंकारेश्वर. हे देऊळ थोरल्या बाजीरावांच्या काळातलं, १७३६ ते ३८ च्या सुमाराचं. शिवरामपंत चित्राव यांनी पुढाकार घेऊन बांधलं. दगडी, बसकं आणि मजबूत. १९६१ चा पूर अंगावर घेऊनही उभं राहिलं. बाजूला पूर्वी स्मशान होतं. काठाचा घाट निरखून बघा. अशा घाटावरच पेठेतल्या बायकांचा सगळा बाहेरचा वेळ जायचा, धुणं, पाणी, दिवे सोडणं आणि दोन शब्द बोलणं. पुरुषांना पार होता, चावडी होती. बायकांना घाट होता. पाणी नळानं घरात आलं तेव्हा कष्ट वाचले हे खरंच, पण ती बसायची जागाही गेली. आपल्याकडं आडावर जे झालं तेच.

ओंकारेश्वराहून वर चढलं की नवा पूल आणि त्याच्या तोंडाशी शनिवारवाडा. ‘नवा’ पूल १९२३ चा आहे, पण पुण्यात एकदा नवं म्हटलं की ते शंभर वर्षं नवंच.

शनिवारवाड्यावर मी फार वेळ घालवणार नाही. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, म्हणून आता तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. उत्तरेकडचा तो मोठा खिळ्यांचा दिल्ली दरवाजा. तिथं तुम्हाला कुणीतरी नारायणरावाच्या खुनाची आणि आनंदीबाईनं ‘ध’ चा ‘मा’ केल्याची गोष्ट सांगेलच. खून १७७३ चा, तो खरा. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. पण लोकांच्या तोंडी राहिली ती बाईची चूक. या वाड्यात बाजीरावांच्या आई राधाबाई राहिल्या. १७३५ मध्ये त्या काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा ज्यांच्याशी मुलाचं वैर होतं त्या राजांनीसुद्धा त्यांना वाट दिली, मान दिला. एवढी वजनदार बाई, पण तिची गोष्ट दरवाज्यात उभं राहून कुणी सांगत नाही. मस्तानीच्या नावाचा एक दरवाजा तेवढा आहे. तो बघून घ्या.

वाड्याच्या मागं कसबा पेठ. हे मूळ पुणं. राष्ट्रकूटांच्या आठव्या शतकातल्या ताम्रपटांत या प्रदेशाचं नाव येतं, तेव्हापासूनची वस्ती. १६३० च्या सुमाराला विजापूरच्या मुरार जगदेवानं पुणं जाळलं, बेचिराख केलं आणि गाढवाचा नांगर फिरवला, की इथं पुन्हा कुणी वसू नये. त्या ओसाड जागी जिजाऊ आल्या. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून वस्ती केली, असं सांगतात. सोन्याचा फाळ खरा की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. उजाड गाव परत बसवायला काय लागतं, ते आपल्याला ठाऊक आहे. बी-बियाणं, बैल, पहिली काही वर्षं साऱ्याची सूट आणि ‘राहा, कुणी काही करणार नाही’ असं म्हणणारं भरवशाचं माणूस. कसबा गणपतीचं देऊळ जिजाऊंनी बांधलं म्हणतात, ते याच पेठेत. शेजारी लालमहाल. आज दिसतो तो अलीकडं बांधलेला आहे. शहाजीराजांनी बांधलेला मूळचा कधीच गेला.

कसब्याच्या आळ्यांतून मुद्दाम रेंगाळत चाला. नावांवरूनच कळतं की शहर कुणाच्या हातांवर उभं राहिलं: तांबट आळी, शिंपी आळी, भोई आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा. कुंभार आणि कागदी नदीजवळ, कारण माती आणि पाणी दोन्ही लागायचं. तांबट आळीत अजून काही घरांत ठोकाठोकी ऐकू येते. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीनं एकेक ठसा मारत ते भांड्याला उजाळा आणि बळकटी देतात, त्याला मठारकाम म्हणतात. पेशवाईत या लोकांनी तोफा आणि नाणीही केली. मग हंडे, घागरी, अंघोळीचे बंब. स्टील आलं, गॅसचे गिझर आले, आणि बंब मोडीत निघाले. आता त्याच ठशांचे पेले आणि ताटं मोठ्या दुकानांत महाग विकली जातात. आमच्यातल्या एकीनं एका कारागिराला विचारलं, एक हंडा मठारायला किती वेळ लागतो? तो हसला आणि म्हणाला, ‘ताई, मजुरीच्या हिशोबानं विचाराल तर परवडत नाही.’ आपल्या पापडाचंही असंच आहे.

इथून परत वळून बुधवार पेठेत या. वाटेत तांबडी जोगेश्वरी. पुण्याची ग्रामदेवी, शनिवारवाड्याहूनही जुनी. पूर्वी हे देऊळ गावाबाहेर, आंबील ओढ्याच्या काठी होतं. हो, हल्ली जिथं गर्दीचे रस्ते आहेत तिथून ओढा वाहत होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो वरच्या वर, पर्वतीच्या बाजूनं मुठेला वळवला, आणि मोकळ्या जागेवर पेठा वाढल्या. पण ओढा वळवला तरी त्याला पाणी विसरत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाच आंबील ओढा चढला आणि अरण्येश्वर, सहकारनगर या भागात घरंच्या घरं वाहून गेली, माणसं गेली.

पाण्यावरूनच पुढची गोष्ट. पेशव्यांनी १७५० च्या सुमाराला कात्रजला तळी बांधली आणि तिथून दगडी बंद नळातून पाणी शहरात आणलं. ना पंप ना वीज, नुसत्या उतारावर. वाटेत हवा सुटायला उच्छ्वास आणि पेठांत हौद. पाणी आलं, पण ते कुणी घ्यायचं? हौद सगळ्यांचा नव्हता. आड, विहीर, नदीचा घाट, सगळीकडं जातीप्रमाणं जागा. महार-मांगांच्या बायका घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या, कुणीतरी वरून ओतील म्हणून.

फरासखान्याजवळ एक छोटा दगडी हौद आहे. गाड्या, फेरीवाले, पाट्या यांच्यात तो दिसतही नाही. विचारावं लागतं, ‘बाहुलीचा हौद कुठं?’ डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी १८८० मध्ये हा हौद आपल्या मुलीच्या आठवणीसाठी बांधला. डॉक्टर घोले नावाजलेले शस्त्रवैद्य, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले मोठे कार्यकर्ते. मुलीचं नाव काशीबाई, लाडानं बाहुली म्हणायचे. वडिलांनी तिला शाळेत घातलं. जातीतल्या लोकांना, नातेवाइकांना ते सहन झालं नाही. तिच्या खाण्यातून काच घातली गेली आणि त्यात ती गेली, असं सांगितलं जातं. वर्ष १८७७. वय शाळेच्या पहिल्या काही इयत्तांचं.

बापानं काय केलं? मुलीच्या नावानं पाणी ठेवलं, सगळ्या जातींसाठी खुलं.

आम्ही चौदा जणी तिथं उभ्या होतो. कुणी काही बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर अक्का म्हणाल्या, ‘माझं नाव शाळेतनं सातवीत काढलं, तेव्हा मला निदान जेवायला नीट घालत होते.’ हसू आलं आणि आलंही नाही. हौदात पाणी नाही आता.

तिथून दगडूशेठ गणपती हाकेच्या अंतरावर. दर्शन घ्या जरूर. मग देवळाकडं पाठ करून समोर बघा. इथं भिडे वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी इथं मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या. वाडा पार मोडकळीला आला होता, जागेचा खटला कितीतरी वर्षं चालला, शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडून जागा राष्ट्रीय स्मारकासाठी मोकळी झाली. म्हणजे जी भिंत बघायला जावं ती भिंत नाही. पण रस्ता आहे, आणि मला तर रस्ताच महत्त्वाचा वाटतो. याच रस्त्यांनी सावित्रीबाई शाळेला यायच्या, अंगावर शेण-चिखल झेलत, पिशवीत दुसरं लुगडं घेऊन. सोबत शिकवणाऱ्यांत फातिमा शेख होत्या. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात त्यांचं नाव येतं.

दक्षिणेकडं चालत निघालात की डाव्या-उजव्या हाताला गल्ल्या, तुळशीबाग, आणि मग मंडई. खरेदीला इथं अर्धा तास देऊन टाका, नाहीतर गट बंड करतो. मंडईची ती उंच दगडी इमारत १८८६ ची. तेव्हाचं नाव रे मार्केट. जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, आणि मार्केटवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला, म्हणून त्यांनी विरोध केला होता. पुढं १९३८ च्या सुमाराला आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई नाव दिलं. जोतीराव यावर काय म्हणाले असते? हसले असते बहुतेक. पण मंडईत भाजी विकायला बसणाऱ्या बायका बघितल्या असत्या तर राग गेलाही असता.

मंडईपासून गंज पेठ, म्हणजे आताची महात्मा फुले पेठ, पंधरा-वीस मिनिटं. फुले वाडा. शनिवारवाड्याला लागते तशी मान वर करावी लागत नाही. साधं कौलारू घर, ओसरी, खोल्या, अंगण. अंगणात तुळशीवृंदावनापाशी जोतीरावांच्या अस्थी आहेत. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. दत्तक मुलानं अग्नी द्यायचा की नाही यावरून भाऊबंदकी उभी राहिली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि प्रेतयात्रेच्या पुढं चालल्या. आजही आपल्या किती गावांत बाईला टिटवं धरू देतात ते मोजा.

हा दत्तक मुलगा म्हणजे यशवंत. फुल्यांनी १८६३ मध्ये विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या बायकांनी इथं यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, जीव देऊ नये आणि घेऊही नये. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी घेतला, वाढवला, डॉक्टर केला.

या घराशी एक मुलगी जोडलेली आहे, तिचं नाव आपल्या प्रत्येक गटाच्या भिंतीवर असावं असं मला वाटतं: मुक्ता साळवे. मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकलेली. चौदा-पंधरा वर्षांची असताना तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. आमच्या जातीच्या बायका उघड्यावर बाळंत होतात, त्यांच्या हालांची कल्पना करा, असं तिनं बाकीच्यांना सरळ विचारलं. आपण ग्रामसभेत उठून दोन वाक्यं बोलायची म्हटली तर पाय कापतात. ती शाळकरी पोर होती.

आणि आता हौद. वाड्यातला हा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. भाषण नाही, ठराव नाही, घरातलं पाणी. यात मला नेहमी एक प्रश्न पडतो. घरातलं पाणी म्हणजे ते बघायचं काम सावित्रीबाईंचं. सकाळी कोण आलं, कुणी घागर बुडवली, शेजारपाजारचे काय बोलले, हे सगळं ओसरीवर उभं राहून त्यांनीच सोसलं असणार. निर्णय जोतीरावांच्या नावानं इतिहासात गेला. रोजचा हौद सावित्रीबाईंनी चालवला, असं मी धरून चालते.

त्यांचा शेवट नदीकाठीच झाला म्हणायचा. १८९७ ची प्लेगची साथ. घरोघर सोजीर शिरत होते, माणसं माळावर पळत होती. डॉक्टर यशवंतांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथवर नेलं. पोर वाचलं, त्यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मुंढवा मुळा-मुठेच्या काठावरचं गाव. आता शहरात गेलं.

त्याच मुंढव्याला आता नदीवर जॅकवेल आहे. पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी तिथून उचलून शेतीच्या कालव्यात टाकतात. शहराचं सगळं सांडपाणी काही शुद्ध होत नाही, आणि जे नदीतून तसंच वाहत जातं ते भीमेला मिळून उजनीत पोचतं. काठ सुशोभित करायचं काम शहरात जोरात चालू आहे, फरशा, पायऱ्या, दिवे. काठ छान झाला तर मलाही आवडेल, बसायला घाट परत मिळेल. पण पाण्याचं काय, हे विचारायला खालच्या गावातल्या बायकाच लागतील. वास आपल्या दारात येतो. दौंड, इंदापूरकडच्या मैत्रिणींनी ग्रामसभेत विहिरीचं पाणी तपासून घ्यायचा ठराव मांडावा. तपासणीचा कागद हातात आला की बोलायला बळ येतं. आमच्या ग्रामसंघानं तसा ठराव लेखी दिला आहे, दोन विहिरींचे नमुने गेलेत, उत्तराची वाट बघतोय.

फुले वाड्याहून स्वारगेट चालत गाठता येतं. स्वारगेटच्या जवळूनच खडकवासल्याचा उजवा कालवा जातो, हडपसरकडून पुढं हवेली, दौंड, इंदापूर. एसटीला वेळ असेल तर जाऊन बघा. कठड्याला जाळी आहे, कडेला कचरा आहे, पण पाणी सुटलेलं असेल तर वाहताना दिसतं, पानशेतच्या डोंगरावरून आलेलं. दोन-तीन दिवसांनी ते आपल्या शेजारच्या चारीला असतं. आम्ही गेलो तेव्हा आवर्तन चालू होतं. सासूबाई बराच वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘चल, एसटी चुकेल.’